शीतयुद्धाची नोंद

कोशाच्या कार्यालयात प्रमुख संपादक ताम्हनकरांनी उमेदवारीतल्या मृण्मयीची पहिली नोंद मोठ्याने वाचली : “शीतयुद्ध : दोन महासत्तांनी परस्परांशी उघड न लढता चालवलेले वैर.”

“‘परस्परांशी’ कशाला, बाई? ‘उघड न लढता’ एवढं पुरे. शब्दांचा सुकाळ झालाय का?”

“राहू द्या, सर. त्या एकमेकींशी लढल्या नाहीत; इतरांच्या भूमीवर लढल्या. तो शब्द गाळला, तर कोरियात लाखो माणसं मेलीच नाहीत, असं आपला कोश सांगेल. काढायचाच असेल, तर मलाही काढा.”

असा वाद ऐकण्यासाठी ताम्हनकर तीस वर्षे आसुसले होते. नवख्यांच्या नोंदीखाली संपादकाचेच नाव छापण्याची तिथली प्रथा. त्यांनी आपले नाव खोडले आणि सावकाश, सुवाच्य अक्षरांत तिचे लिहिले.