दाण्यांसकट

“बाबा, फोटोत ताईचा गाल एवढा गुळगुळीत कसा?” मैत्रिणींनी विचारून दाखवायची पैज लावली होती, म्हणून धाकटीने बाबांच्या फोटो स्टुडिओत विचारूनच टाकलं. “उजेड कमी होता, फोटोवर दाणे आले. तो नॉइज कॉम्प्युटरवर घालवला,” बाबा पुटपुटले. “लोण्यासारखी दिसतेय बायको, सासरेबुवा!” फोटो न्यायला आलेले दाजी हसले. तिने माउस हिसकावला आणि नॉइज घालवायचा स्लायडर शून्यावर ओढला. दाणे परतले, त्यांच्यासोबत ताईच्या गालावर चार बोटांचे वळ आणि चौकोनी अंगठीचा ठसा. “आगाऊ कार्टी!” दाजींनी तिचं डोकं टेबलावर आपटलं, वर सणसणीत थोबाडीत दिली. “गप्प बस गं, ताईचा संसार मोडेल,” काउंटरवरून आई कुजबुजली. तिने बाबांचा कॅमेरा उचलून स्वतःच्या गालाचा फोटो काढला: तोच अंगठीचा चौकोन. रक्त थुंकून ती म्हणाली, “आई, बाबा, मी ताईला आणि दोन्ही फोटो दाण्यांसकट घेऊन पोलिसांत चाललेय.”