पाण्यावरच्या भाकऱ्या

कोंडूची म्हैस बॉम्बनं फुटली. पण बॉम्ब टाकणारी विमानं त्याआधीच निघून गेली होती, म्हणजे ती फुटलीच नाही असं धरून चालू.

एकाहत्तर साली लढाई तोंडावर होती. वलवणच्या तलावावर सरावाची विमानं झाडांच्या शेंड्यांपर्यंत खाली येत आणि बॉम्ब असा सोडत की तो चपट्या दगडासारखा पाण्यावर भाकऱ्या काढत निशाणावर आदळे. शेवटी एक बॉम्ब पाण्यावरून उसळून विमानाच्याच पोटात घुसला. वैमानिकाचा हात कोंडूच्या खाचरात पडला, घड्याळासकट. सराव बंद झाला.

भाकऱ्या बंद झाल्या नाहीत. रोज दुपारी रिकाम्या आभाळाखाली थप, थप करत पाणी उडे, आणि रोज काठाच्या थोडं जवळ. काल त्यातली एक म्हशीत शिरली.

आज कोंडू ताट घेऊन बसला आणि थपथप ऐकू आली.

"अगं, हळू थाप की. भांडी पडत्यात," तो बायकोला म्हणाला.

"मी कुटं थापते? पीठ अजून भिजवलंच न्हाई," सावित्राबाईनं कोरडे हात दाखवले.

थप. अंगणातल्या कोंबडीची नुसती पिसं उरली.

कोंडूनं दाराकडं तोंड करून हात जोडले. "मेहेरबान साहेबांस विनंती, की हे निशाण नसून घर हाय. तरी फुडली भाकरी तळेगावात टाकावी."