निघताना धुवायचे पाय

"बादलीला गटातून काढायचं, हे ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा," अध्यक्ष काकू म्हणाल्या.

अंडी-केंद्राच्या खोलीत भराभर हात वर गेले. भिंतीशी रिकामे ट्रे छताला टेकतील इतके रचले होते. बादली दाराशी उभी होती. तिला कुणी बस म्हणालं नव्हतं, आणि आपणहून बसणाऱ्यातली ती नव्हती.

गल्लीत मानमोडी आली होती. कोंबड्या माना वाकड्या करून पडत गेल्या आणि एकेक खुराडं ओस पडलं. वाचल्या त्या फक्त बादलीच्या. त्या अजूनही दिवसभर कलकलत होत्या, आणि तो आवाज बाकीच्या बायकांना काट्यासारखा टोचत होता. त्यात रोगाच्या थोडं आधीच तिनं बाजारातून एक कोंबडा आणला होता. मग काय, सापडला चोर! शिवाय बाई मुलखाची तुसडी. दारात औषधाच्या पाण्याची बादली ठेवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यात पाय बुडवायला लावायची. अंडी न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्यालासुद्धा सोडायची नाही. नाव पडलं ते त्यावरूनच.

कोपऱ्यात कोंबडीताई लसीची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. ही याच गल्लीतली सून. शहराची भूक वाढत चालली होती. वसतिगृहं, दवाखाने, बेकऱ्या, सगळ्यांना अंडी हवी होती आणि टेम्पोवाला रोज "एवढीच?" म्हणून तोंड वाकडं करायचा. म्हणून सरकारी योजना आली, बायकांचा गट झाला. बायकांना पिल्लं मिळाली, खुराडी मिळाली, आणि कोंबडीताईला लस टोचायचं शिक्षण मिळालं. गल्लीतल्या बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःची कमाई खेळू लागली होती. कोंबडीताईचं कौतुक करताना त्यांची तोंडं दुखत नसत.

आज ते कौतुक तिला गिळवत नव्हतं. रोग कुठल्या वाटेनं गेला ते तिला पाठ होतं. आधी काकूंच्या कोंबड्या पडल्या, मग शेजारच्या, मग त्यापुढच्या. अगदी ती लस टोचत गेली त्याच क्रमानं. लस अंगी लागायला काही दिवस जावे लागतात. मानमोडीनं तेवढी उसंत दिली नाही.

शिक्षणातला पहिलाच धडा होता, एका खुराड्यातून निघताना पाय धुवायचे आणि मगच दुसऱ्यात शिरायचं. पण गल्लीचा कायदा वेगळा. येताना पाय धुतले तर वळण, निघताना धुतले तर अपमान. "आमच्या घरात काय घाण लागली गं तुला?" असं ऐकूनही ती बोलणी खात धूत असे. गल्लीत लस टोचली त्या दिवशी मात्र काकूंकडे पाणी मागितलं, तर काकूंनी हात धरून तिला ओसरीवर बसवलं. "परकी आहेस का? चहा घे आणि नीघ." चुलत सासूनं असं जवळ केलेलं तिला फार गोड वाटलं. काकूंकडे धुतले नाहीत, तर इतरांकडे कोणत्या तोंडानं धुणार? ती तशीच दारोदार गेली. शेवटी बादलीनं दरडावून पाय बुडवायला लावले, तेव्हा हिला तिचा रागच आला होता.

त्याच्या आदल्या दिवशी ती टेकडीपलीकडच्या वस्तीवर लस टोचून आली होती. तिथूनच आणला असणार आपण रोग. दुसरं काय?

"माझ्या कोंबड्या जगल्या हा गुन्हा असेल, तर काढा," बादली म्हणाली. आवाज ताठ होता, पण दाराच्या चौकटीवरची बोटं पांढरी पडली होती. गटातून काढलं की टेम्पो तिच्या दारी थांबणार नव्हता. तिचं घर त्या अंड्यांवरच चालत होतं.

कोंबडीताई उभी राहिली.

"हात खाली करा. रोग हिनं नाही आणला. मी आणला, माझ्या पायांनी." आणि तिनं सगळं सांगून टाकलं. वस्ती, चहा, न धुतलेले पाय, सगळं.

मग कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे गं, तू काय मुद्दाम केलंस?"

"आपलीच पोर आहे. चुकतं माणूस," दुसरी म्हणाली.

बादलीला मिळाली नसती ती माफी हिच्या पदरात अशी फुकट पडली, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकीनं तरी शिवी द्यायची! ती काकूंकडे वळली.

"काकू, सुरुवात तुमच्यापासून केली मी. सगळ्यात आधी तुमचं वाटोळं केलं. तुम्ही तरी बोला मला."

काकूंनी पदर तोंडाला लावला होता.

"पाय धुऊ दिले नाहीत ते मी," त्या म्हणाल्या.

"ते तुम्ही मायेनं—"

"माया कसली, पोरी! नळ मागच्या अंगणात आहे. तिकडे गेली असतीस, तर माना टाकलेल्या कोंबड्या दिसल्या असत्या तुला. रोग कळला तर टेम्पो बंद होईल म्हणून त्या सकाळीच पाटीखाली झाकल्या होत्या मी."