रेडिओवरची चेष्टा

साल ब्याऐंशी. अल रय्यानच्या कॅम्पात सहा जणांची खोली. पाच बंगाली आणि मराठी एकटा केरबा वेल्डर. शुक्रवारी दुपारी रेडिओवर कतारातल्या बंगाल्यांसाठी कार्यक्रम लागला की पाचही जण ट्रान्झिस्टरला चिकटत आणि केरबा चादर तोंडावर ओढून पडे.

एका शुक्रवारी निवेदिकेनं शेजारच्या खाटेवरच्या नूरुलचं पत्र वाचलं. त्यातले केरबाला तीनच शब्द कळले : 'केरबा', 'मराठी' आणि 'चेष्टा'. पाचही जण त्याच्याकडे बघून हसले. केरबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या कतारसमोर माझी चेष्टा? दुसऱ्याच दिवशी त्यानं फोरमनचे कान भरले आणि नूरुलची बदली लांब दुखानच्या साइटवर करवली. ट्रंक उचलून निघालेला नूरुल दाराशी थांबून काहीतरी बोलला, तेव्हा केरबानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

आठवड्यानं स्टोअरकीपर घोषबाबू म्हणाले, "केरबा, रेडिओ पे तेरा नाम आया!"

"नाम कैसा? चेष्टा किया मेरा," केरबा फणकारला.

"अरे, बंगाली में चेष्टा मतलब कोशिश! लिखा था, केरबा से उसकी भाषा में बोलनेवाला यहाँ कोई नहीं, इसलिए मैं मराठी सीखने की चेष्टा कर रहा हूँ."

केरबाला दाराशी थांबलेला नूरुल आठवला.

 

निघताना दाराशी थांबून नूरुल 'जातो' म्हणाला नव्हता. 'येतो, केरबा' म्हणाला होता.