आधीच बसलेलं प्लगइन

शिरूर तालुक्यातल्या दूध संस्थांच्या कॉम्प्युटरवर मराठी टायपिंगचं प्लगइन बसलंय का, एवढंच नीलमला तपासायचं होतं. नसेल तिथं बसवायचं. सकाळी दौंडहून गाडीवर निघालेली ती पाबळ, कवठे येमाई करत न्हावऱ्याला पोचली, तेव्हा चार वाजले होते आणि पाठ भरून आली होती.

पाबळला आणि कवठ्याला प्लगइन आधीच बसलेलं होतं. काम वाचलं, म्हणून तिनं कुणाला काही विचारलं नाही.

न्हावऱ्यातही ते होतंच. आता मात्र तिनं विचारलं, "हे कुणी बसवलं?"

म्हातारे कारकून शेखलाल तिच्याकडं बघतच राहिले. "तुमीच की, मॅडम. दीड वाजता, याच खुर्चीत बसून. च्या बी घेतला न्हाई. लई दमलेय, घरी जाऊन झोपते म्हनलात."

दीड वाजता नीलम कवठ्यात होती.

बाहेर येऊन तिनं घरी फोन लावला. "आई, न्हावऱ्यातून निघतेय गं मी."

पलीकडून आई परक्या माणसाशी बोलावं तशी, दबक्या आवाजात म्हणाली, "जरा हळू बोला, ताई. आमची नीलम आत्ताच येऊन झोपलीय."