डावीकडची कोशिंबीर

खोटं सांगत नाही, आणि सांगितलं तरी पकडणार कोण? लॉकडाऊनमध्ये नेदरलँड्सला, हूफडॉर्प गावी लेकीच्या घरी अडकलो होतो, तेव्हाची गोष्ट. ऑनलाइन शाळेत नात चैत्रालीला एचटीएमएल आणि सीएसएसमध्ये साधं वेबपेज मांडायचं होतं आणि चारच्या आत पाठवायचं होतं.

"आजोबा, डावा कॉलम सारखा खाली पडतोय! आय विल फेल!" पोर रडकुंडीला आली.

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी सरळ तिच्यापुढे ताट वाढायला घेतलं. "हे बघ, वर मीठ. डावीकडे कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे भात."

"अहो, भात आवरा!" आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली. "कोशिंबीर ताटाबाहेर जाईल!"

चैत्रालीने चमकून मधला चौकोन अरुंद केला, आणि डावा कॉलम टुणकन वर येऊन बसला! लक्षात राहावं म्हणून तिने कोडमध्ये कॉलमना नावंही ताटातलीच दिली. चारला दोन मिनिटं असताना पेज पाठवलं आणि मग कपाळावर हात मारला. "आजोबा, नावं बदलायची राहिली! सर हसतील!"

सर हसले नाहीत. त्यांनी तिचा कोड नमुना म्हणून अख्ख्या वर्गाला पाठवला.

 

तेव्हापासून त्या वर्गातली अठ्ठावीस डच पोरं पेजच्या डाव्या कॉलमला कोशिंबीर म्हणतात, आणि दुपारी मुकाट्याने चीज-ब्रेड खातात.