साधा तीळ

दर वर्षी नव्या निवासी डॉक्टरांना मी पहिली स्लाइड माझ्याच तिळाची दाखवते. कधीकाळी खांद्यावरून काढलेला, अगदी निरुपद्रवी. कुणाचा, हे मात्र सांगत नाही.

"सोपी आहे म्हणालात मॅडम, आणि पहिल्याच घासाला खडा?" यंदाच्या तुकडीतला एक चष्मेवाला म्हणाला. "हा तर कॅन्सर आहे."

मी हसतच मायक्रोस्कोपला डोळे लावले. एरवी तळाशी शांत बसणाऱ्या काळ्या पेशी आज वरच्या थरांत चढल्या होत्या. स्लाइडवरचा क्रमांक पाहिला. माझाच होता.

"ही त्वचा मेलेली आहे," मी बजावलं. "फॉर्मालिनमध्ये ठेवून, रंगवून काचेखाली बंद केलेली. इथे काही हलत नाही."

"हो मॅडम." तो परत मायक्रोस्कोपवर वाकला होता. "पण डावीकडची एक पेशी आत्ता दोन झाली. आणि बाकीच्या वर सरकतायत."

माझा हात आपसूक खांद्याकडे गेला. कपड्यावरूनच मी जुना व्रण बोटाने दाबला.

"थांबल्या," तो म्हणाला.

मी बोट उचललं.

"परत निघाल्या, मॅडम."